वास उठेपर्यंत लिंबू

बेकरीवाल्याकडे पाककृतींची एक वही होती, पण ती वाचून कोणाला एक बिस्किटसुद्धा भाजता आलं नसतं. पानं तेलकट, कडा करपलेल्या, आणि आकडे म्हणाल तर औषधालाही नाहीत. ‘लोणी वितळवावं, भाजक्या बदामाचा वास आला की उतरवावं.’ ‘पाव आतून कच्चा असेल तर ओल्या भिंतीचा वास येतो, तो जाईपर्यंत हलू नये.’ व्हॅलेंटाइन डेच्या बिस्किटांच्या पानावर तर जेमतेम दीड ओळ होती: ‘फळांचा रस आटवून घ्यावा, फेसलेल्या साखरेत घालावा, वास उठेपर्यंत लिंबू.’

त्याची बायको पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. गावभर नळाला येणाऱ्या पाण्यात काय आहे आणि काय असू नये, हे ती दशांशचिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत सांगायची. लग्नाला महिना झाला तेव्हा तिने ती वही चाळली आणि विचारलं, “वास उठेपर्यंत म्हणजे किती मिलिलिटर?”

“नाकाला विचार,” तो म्हणाला होता.

तिने वही मिटून जागेवर ठेवली, आणि पुढची सव्वीस वर्षं ती ओट्याच्या वाटेला गेली नाही. जायची वेळच आली नाही म्हणा ना. तिच्या कामाच्या पाळ्या विचित्र. कधी पहाटे पाचला निघायची, कधी दिवेलागणीनंतर परतायची. पण केव्हाही आली तरी फडक्यात गुंडाळलेला पाव उबदार असायचा, शेगडीवर सूप असायचं, आणि सुपात मीठ बरोबर असायचं. तिने कधी आभार मानले नाहीत. आभार परक्यांचे मानतात, घरच्यांचे मानले तर घरचे परके होतात, असं मानणाऱ्या घरात ती वाढली होती. पहिल्या घासाला ती क्षणभर थांबायची, तेवढंच. ते त्याला कळायचं की नाही, कोण जाणे.

सहा महिन्यांपूर्वी बेकरीवाल्याला ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. चवही गेली. “येईल हळूहळू,” डॉक्टर म्हणाले. हळूहळू म्हणजे किती, ते त्यांनाही सांगता येईना.

त्याने ही गोष्ट बायकोखेरीज कोणाला सांगितली नाही. मग एका सकाळी तो भट्टीसमोर उभा असताना आत चाळीस पावांचा कोळसा झाला. त्याची धाकटी बहीण दुकानात काउंटर सांभाळायची. ती रस्त्यापलीकडून ओरडत आली. “दादा, अख्ख्या गल्लीला वास आला, आणि तू समोर उभा राहून कसला विचार करतोयस?” तेव्हा तिलाही सांगावं लागलं.

त्या दिवसापासून त्याने काहीही चाखून बघणं सोडलं. “लाकडाचा भुसा चावायचा आणि वर मान डोलवायची, कशाला ते सोंग?” बेकरीत त्याने नेहमीचे साधे पाव तेवढे चालू ठेवले, तेही घड्याळ लावून. घरी तो पोतं भरावं तसा जेवायचा. स्वयंपाक आता बायकोकडे आला होता. ती भाज्या उकडायची, अंडी उकडायची, आणि त्याच्या रक्तदाबाचा विचार करून मीठ मोजून घालायची, म्हणजे जवळजवळ घालायचीच नाही. एकदा नणंद जेवायला आली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “वहिनी, दादाची चव गेली हे एका अर्थी बरंच झालं गं.”

समोरच्या कापडवाल्याला गोदामासाठी जागा हवीच होती. बेकरीवाल्याने त्याला सांगून टाकलं, “व्हॅलेंटाइनची सकाळ पार पडू दे. त्या दिवशी दुपारी या, बेकरीची जागा देतो.” घरी हे सांगताना मात्र तो ताटाकडे बघत होता. “नाक नसलेला बेकरीवाला म्हणजे कान नसलेला गवई. लोक किती दिवस ऐकून घेतील?”

तिने त्याच्या ताटात उकडलेलं अंडं वाढलं. पण आदल्या रविवारी, दुकान बंद असताना, तिने त्याला खिडकीशी बसलेलं पाहिलं होतं. सकाळी बसला तो दिवस मावळेपर्यंत. हात मांडीवर पालथे. एरवी त्या हातांना काही ना काही मळायला लागायचं. दुकान गेलं तर हा माणूस असाच बसून राहील, हे सांगायला कोणतंही उपकरण लागत नव्हतं. एक मोठं काम, वर्षातलं सगळ्यात मोठं, नाकावाचून पार पडलं तर कदाचित तो दुकान द्यायचं थांबवेल. नाहीतर नाही.

तिने दोन दिवसांची रजा टाकली. आजारी नसताना टाकलेली नऊ वर्षांतली पहिली. व्हॅलेंटाइनच्या आदल्या दिवशी सकाळी पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि आम्लता मोजायचा पेनाएवढा नवाकोरा मीटर घेऊन ती बेकरीच्या दारात उभी राहिली.

“हे काय, धाड पडली की काय?” नणंद म्हणाली.

“तुझ्या दादाच्या वहीत वास आहेत. मी आकडे घेऊन आलेय,” ती म्हणाली आणि केस बांधू लागली.

बेकरीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. “अगं, तुला मैदा आणि पिठीसाखर लांबून ओळखता येत नाही.”

“लांबून कशाला ओळखायची? डब्यावर लिहिलंय.”

“तेही मीच लिहिलंय,” तो म्हणाला, पण बाजूला सरकला.

सकाळ बरी गेली. लोणी किती अंशांवर तांबूस होतं ते तिने तीनदा मोजून लिहून ठेवलं. पहिला ट्रे सेकंदाला सेकंद धरून काढला. बिस्किटं कडेने सोनेरी, मध्ये फिकी, अगदी हवी तशी. तो आधी हाताची घडी घालून बघत होता. मग तिचं लाटणं बघवेना तेव्हा त्याने ते काढून घेतलं. “एका बाजूला दाबतेस. अशी बिस्किटं इकडे कच्ची आणि तिकडे जळकी व्हायची. सरक.” त्याने हृदयाच्या आकाराचा पत्र्याचा साचा मैद्यात बुडवला आणि कापायला सुरुवात केली. हातांना काही झालेलं नव्हतं. ते आपले मजेत चालले होते.

घोटाळा झाला तो आयसिंगला. संत्र्याचं झकास जमलं. स्ट्रॉबेरीचं थोडं मळकट वाटलं. पण काळ्या द्राक्षांचा आटवलेला रस अंड्याच्या पांढऱ्यात फेसलेल्या साखरेत पडला आणि भांड्यातला रंग बघता बघता निळसर करडा झाला. धुणं धुतल्यावर उरलेल्या पाण्यासारखा.

नणंदेने भांड्यात डोकावलं. “वहिनी, हे नवीन प्रेम नाही गं. हे तीस वर्षांनंतरचं दिसतंय.”

“अंड्याचं पांढरं अल्कधर्मी असतं,” ती म्हणाली. “द्राक्षाचा रंग त्यात निळा पडतो. आम्ल घातलं की परत लाल होईल.”

“दरवर्षी होतं तसं,” बेकरीवाला म्हणाला. “मी लिंबू पिळतो. वास उठतो तेव्हा रंगही आलेला असतो.”

“लिंबाने पातळ होईल, शिवाय प्रत्येक लिंबू वेगळं. लिंबूसत्व घेऊ. वजन करून घालता येईल. पण रंग नक्की कुठे थांबवायचा?”

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. गेल्या वर्षीच्या ट्रेचा फोटो तिथे चौकटीत लावला होता. केशरी, लालभडक, आणि राजघराण्यातल्या मखमलीसारखी जांभळी.

ती फोटोसमोर भांडं घेऊन उभी राहिली. अर्धा ग्रॅम लिंबूसत्व. ढवळलं. आणखी अर्धा. मीटरचा आकडा खाली येत होता, रंग वर चढत होता, पण फोटो अजून पुढेच. आणखी. आणखी. स्ट्रॉबेरीलाही तेच. शेवटी दोन्ही भांडी फोटोला तंतोतंत जुळली, तेव्हा तिने आकडे लिहिले, खाली रेघ मारली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं की हे घर आपल्याही हातांनी चालू शकतं. फोटोवाल्याला प्रत्येकाच्या गालांना लाली फासायची सवय आहे, आणि त्याने बिस्किटांनाही तीच फासली आहे, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

दुपारभर बेकरीवाला कागदाच्या पुंगळीतून आयसिंगच्या रेघा ओढत होता. दोनशे हृदयं ओळीने वाळत पडली. नणंदेने महिन्यापासून गोड सोडलं होतं, त्यामुळे ती लांबूनच उसासे टाकत होती. संध्याकाळी दिसायला इतकी देखणी बिस्किटं खोक्यांत गेली की खुद्द बेकरीवाला म्हणाला, “रंग तर माझ्यापेक्षा सरस आलाय.” मग हात पुसत, हळूच, “शेवट तरी चांगला होईल.”

हे ‘शेवट’ तिला टोचलं. पण उद्या लोक खाऊन काय म्हणतात ते त्याला ऐकू दे, मग बघू, असं मनाशी म्हणत ती खोक्यांना रिबन बांधू लागली.

व्हॅलेंटाइनच्या सकाळी आठ वाजता पहिलं गिऱ्हाईक आलं ते चौकातला चष्मेवाला. सत्तरीचा, टापटीप, दरवर्षी बायकोसाठी एक खोका नेणारा. खोका घ्यायचा, त्यातलं एक काउंटरशीच उभं राहून खायचं आणि “जमलंय बरं का” म्हणून निघायचं, हा त्याचा नेम. त्याने जांभळं उचललं. चावलं.

त्याचा उजवा डोळा आपोआप मिटला. मग डावा. गाल आत गेले. काही क्षण तो काउंटरचा कठडा धरून उभा राहिला, आणि मग सभ्य माणसाच्या आवाजात म्हणाला, “हं. ताजं आहे.”

“काय झालं हो?” नणंद म्हणाली.

“काही नाही, काही नाही. एकदम जाग आली.”

नणंदेने महिन्याचं व्रत मोडलं. खोक्यातून एक लाल हृदय घेतलं, कोपरा तोडला, आणि तिने जो आवाज काढला तो ऐकून बेकरीवाला आतून पिठाच्या हातांनी धावत आला.

“अगं आई गं! वहिनी! हे काय घातलंस, बॅटरीतलं पाणी? दात आंबले माझे!”

“शक्य नाही,” ती म्हणाली. “मोजून घातलंय. दोनदा मोजून.”

“आणि चाखून?”

ती आकड्यांचा कागद शोधू लागली.

“वहिनी, चाखून बघितलंस ना?”

“प्रयोगशाळेत…” ती म्हणाली आणि थांबली. मग तिला वाक्य पुरं करावंच लागलं. “टेबलावरचं काही तोंडात घालायचं नसतं. पहिल्या दिवशी शिकवतात. मला सुचलंच नाही.”

बेकरीवाला तिच्याकडे बघत राहिला. “मला वाटलं, तू चाखलं असशील.”

“मला वाटलं, तुम्ही रंग बघून सांगितलंत म्हणजे…”

दोनशे बिस्किटं दोन माणसांनी मिळून केली होती, आणि एकाच्याही जिभेला ती शिवली नव्हती. चष्मेवाला खोक्यावरची रिबन उगाचच न्याहाळू लागला. कापडवाला दुपारी येणार होता. जे सिद्ध करायला ती रजा टाकून आली होती त्याच्या नेमकं उलट सिद्ध झालं होतं, तेही पहिल्याच गिऱ्हाइकासमोर.

“माझं चुकलं,” ती म्हणाली.

“दुकान माझं आहे,” बेकरीवाला म्हणाला. “गिऱ्हाइकाला जे वाढलं ते आधी मी खायला हवं होतं.” आणि तिने अडवायच्या आत त्याने एक जांभळं हृदय उचललं आणि अर्धं तोंडात टाकलं, भुसा चावायच्या तयारीने, शिक्षा भोगावी तसं.

त्याचा जबडा एकदा हलला आणि थांबला. मान मागे गेली. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“थुंका, अहो, थुंका ते!” ती पाण्याचा ग्लास घेऊन धावली.

त्याने हात वर करून तिला थांबवलं. गिळलं. उरलेलं अर्धं तोंडात टाकलं.

“आंबट आहे,” तो म्हणाला.

“हो रे दादा, तेच तर सांगतेय मघापासून!”

“तुला नाही सांगत.” त्याने बायकोचा हात पकडला. त्याच्या बोटांचा मैदा तिच्या मनगटाला लागला. “आंबट लागलं मला. अगं, आंबट लागलं.”

तिला कळायला एक क्षण लागला, आणि मग सगळं एकदमच कळलं. नाक वेगळं, जीभ वेगळी. आंबट, गोड, खारट, कडू ही जिभेची कामं; फळ कोणतं ते सांगणं नाकाचं. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, मार्क मिळवले होते. तापाने दोन्ही नेलं, आणि नंतर जीभ कधीतरी मुकाट्याने परत आली होती. पण हा काही चाखायचा नाही, आणि ही त्याला बिनमिठाच्या उकडलेल्या भाज्या वाढायची. बिचाऱ्या जिभेला कोणी काही विचारलंच नव्हतं.

“डोळे मिटा,” ती म्हणाली. एका चमच्यात साखर, दुसऱ्यात मीठ घेतलं.

“गोड,” तो म्हणाला. मग, “खारट. शी, केवढं घातलंस!” आणि तो हसायला लागला. हसता हसता ओट्यापाशी स्टुलावर बसला आणि बाहीने डोळे पुसत राहिला. नणंद पदराने… छे, तिच्या अंगावर ॲप्रन होता, ॲप्रनच्या टोकाने नाक पुसत “कांदा कोणी चिरला इथे?” म्हणाली, जिथे कांद्याचा मागमूस नव्हता. चष्मेवाल्याला यातलं काही कळलं नाही, पण तो जायलाही तयार नव्हता.

“वास?” तिने विचारलं.

त्याने संत्र्याची साल नाकाशी धरली, दीर्घ श्वास घेतला, मान हलवली. “नाही. काहीच नाही.” पण ते सांगताना त्याचा आवाज कालच्यासारखा नव्हता. तो उठलाच होता. “संत्र्याची ठीक असतील, त्यांत तू लिंबूसत्व घातलं नव्हतंस. ती आत्ता विकायला लाव गं,” हे बहिणीला. “लाल आणि जांभळ्यांसाठी दीड तासाने या म्हणावं.”

“वाळलेलं आयसिंग खरवडणार?” बायकोने विचारलं.

“मोडतील. वरून पिठीसाखरेचा पातळ गोड थर द्यायचा, अंड्याशिवाय. आंबटावर गोडाचं पांघरूण. पण त्यात फळ हवं, नाहीतर साखरेचं पाणी होईल. रस उरलाय ना? घे भांडं. आणि हे बघ,” त्याने तिच्यासमोर चमचा धरला, “चाख.”

तिचा हात उठेना. इतक्या वर्षांची शिस्त; ओट्यावरचं, भांड्यातलं, न गाळलेलं काही तोंडात घालायचं नाही. तिने डोळे मिटून चमचा तोंडात घातला.

“काय येतंय?”

“द्राक्ष.”

“द्राक्ष मलाही ठाऊक आहे, मीच आणली. मागे काय येतंय? गिळल्यावर?”

तिने थांबून विचार केला. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. “काहीतरी जड. मनुका भांड्याला लागल्यावर वास येतो तसं.”

“मग रस जास्त आटलाय. ताजा दोन चमचे घाल. आता?”

“आता… हिरवं काहीतरी. देठासारखं.”

“येऊ दे देठ. तोच ताजेपणा. आता मला दे.” त्याने चाखलं. “गोड कमी. दोन मुठी… थांब, तुझ्या भाषेत सांगतो. वाडगा काट्यावर ठेव, मी घालतो, तू लिही.”

असं चाललं. ती वास सांगायची, तो त्याचा अर्थ लावायचा. तीस वर्षांचे वास त्याच्या डोक्यात जसेच्या तसे होते, फक्त दार बंद होतं. गोड-आंबटाचा तोल मात्र त्याचा तो करायचा, आणि दर चमच्याला, गरज नसताना, आणखी एकदा चाखायचा. तिने ते पाहिलं आणि पुढचा आकडा लिहिला.

सगळी वाचली नाहीत. चाळीसेक जांभळी नव्या थराखालीही चावता येईनात. ती बाजूला काढली. त्यातलीच सहा चष्मेवाल्याने मागून घेतली. “माझ्या बायकोला मी चाळीस वर्षांत एकदाही चकित केलेलं नाही,” तो म्हणाला. बाकीच्या बिस्किटांत आधी गोड लागायचं, मग फळ, आणि मग जिभेच्या कडेला तो आंबट चिमटा. साडेदहाला एक मुलगी खोका घेऊन गेली आणि पाऊण तासाने आणखी दोन न्यायला आली. “पहिला कोणासाठी होता?” नणंदेने विचारलं. “ज्याच्यासाठी होता त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही,” मुलगी म्हणाली.

दुपारी कापडवाला आला. हसतमुख, गळ्यात मोजपट्टी, कानावर पेन्सिल. त्याने छताकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं, मनातल्या मनात तिथे गठ्ठे रचले. “मग, शेवटचा दिवस कसा गेला?”

“पट्टी आणलीत ते बरं झालं,” बेकरीवाला म्हणाला. तो तेव्हा नवीन आयसिंगचा चमचा चाटत होता. “त्या खिडकीखाली जरा माप घ्या बघू. तिथे एक फळी ठोकायचीय. हिचा काटा ओट्यावर मधे येतो.”

“काटा?”

“रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा येणार आहे ही आकडे काढायला. रजा असेल तेव्हाही. बाकीचे दिवस तिने लिहून दिलेल्या आकड्यांवर चालवीन. आणि बहीण आहेच नाकवाली, तिचं व्रत मोडलंय सकाळीच.”

“म्हणजे जागा…”

“लागतेय हो जागा,” बेकरीवाला म्हणाला. “मनापासून सांगतो, माफ करा. तुम्हाला शब्द दिला होता. पण लागतेय.”

कापडवाला क्षणभर घुटमळला. माणूस वाईट नव्हता, आणि हातात पट्टी असली की मोजल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. तो खिडकीखाली वाकला. “चार फूट दोन इंच,” तो जरा फुरंगटूनच म्हणाला.

तिने आकडा लिहून घेतला. मनात आभार साठले होते आणि ते कोणाला द्यायचे ते तिला कळेना. नवऱ्याला ‘आभारी आहे’ म्हणणं जिभेला जमणारं नव्हतं. तो तर पाठ फिरवून मैदा चाळायलाही लागला होता. लिंबूसत्वाचे आभार मानणं शास्त्राला धरून नव्हतं.

“थँक यू,” ती कापडवाल्याला म्हणाली. “खूप खूप आभार तुमचे. खरंच. फार मोठं काम केलंत.” तिने त्याच्या हातात संत्र्याच्या बिस्किटांचा अख्खा खोका ठेवला. “किती आभार मानू तुमचे.”

कापडवाल्याने एकदा मोजपट्टीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “अहो वहिनी,” तो ओशाळून म्हणाला, “नुसतं माप तर घेतलं.”